लंकेत आपलं कोण हाय?

ये कौसे, अशी जवळ ये. दारात उभी राहू नको पाहुण्यासारखी. इथं माझ्या शेजारी बस, गुडघा दुखत असंल तर उशी घे खाली. मला तुला रागवायचं हाय, आन् लांबून रागवणं मला जमत न्हाई.

असं अर्ध्यात पुस्तक सोडून जातं का कोणी? पानाचा कोपरा दुमडलास, चष्मा त्याच्यावर ठेवलास, "आक्का, राहिलेलं उद्या वाचू" म्हणालीस, आन् तो उद्या मला एकटीलाच दिलास. भांडण बी तसंच ठेवलंस. भाकरी तव्यावर टाकून कोणी उठून जातं का बाई? माणसानं जाताना निदान ज्याच्याशी भांडण चालू हाय त्याला शेवटचं बोलायला सवड द्यावी.

तू कशी गेलीस ते मी लिहिणार न्हाई. ते तुला ठाऊक, मला ठाऊक. लिहिणार हाय ते आपल्या श्रीलंकेचं, अक्षर जुळवत, रोज चार-दोन ओळी. लोक वाचतील, त्यांना सुरुवातीपासून सांगावं लागंल, तर तू मधी बोलू नको.

आमी हट्ट्याच्या दोघी जावा. मी थोरली, ही कौसल्या धाकटी. शेतातली हळद शिजवायची, वाळवायची, दळायची, आन् आमटीला लावायचं येसर आन् काळा मसाला करून वसमतच्या, कळमनुरीच्या बाजारात न्यायचा, ह्याच्यातच आमचा जलम गेला. एक दिवस मसाला भाजायला घेतला तर कौसा दालचिनीचा तुकडा हातात धरून तशीच बसली. कढईतले धने करपायला आले तरी हिचं लक्ष न्हाई. मी म्हणलं, काय झालं? तर म्हणती, "आक्का, हळद कशी येती मला माहीत, मिरची माहीत, धने माहीत. हे कोणत्या झाडाचं कातडं हाय वो? जलमभर कुटून राहिलो, झाड काय पाह्यलं न्हाई."

आठवतं ना? मी म्हणलं, झाड पाहून काय मसाला जास्त तिखट होणार हाय का. पण तू ऐकणारी नव्हतीस. किराणावाल्याला विचारलंस. त्यानं एक पातळ सुरळी काढून दाखवली, एकात एक गुंडाळलेली, कागदाच्या सुरळीसारखी. ही खरी लंकेची, म्हणाला, आपल्याकडं चालती ती जाडी-भरडी वेगळी. तू ती सुरळी पदराला बांधून आणलीस आन् मसाल्यात घातलीच न्हाई. चार-चार दिवसांनी वास घ्यायचीस. तवाच मला कळायला पाहिजे होतं, की हे प्रकरण लांब जाणार.

मंग नांदेडला दवाखान्याच्या निमित्तानं गेलो आन् स्टेशनाजवळच्या जुन्या पुस्तकवाल्याकडं ते घावलं. कव्हर फाटलेलं, आत लंकेचा नकाशा, आन् वर लिहिलेलं की पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्यांसाठी. तू सातवी शिकलेली, मी शाळेचं तोंड न पाह्यलेली. अक्षरं मी नंतर माझी मीच शिकले, मसाल्याच्या पाकिटावरून आन् एसटीच्या पाट्यांवरून, ती बी अडखळत. म्हणून वाचायचं तू आन् हळकुंडं निवडत ऐकायचं मी, असं ठरलं. जेवणं झाली की रोज तेच. घरचे म्हणायचे, ह्या दोघींनी पोथी लावली.

आन् पहिल्या पानापासून आपलं वाजलं.

मी म्हणलं, कौसे, माणूस गावाला कवा जातो? लग्न असलं, मयत असली, लेक दिलेली असली, न्हाईतर देव असला. तिथं गेलं की कोणीतरी तांब्याभर पाणी घेऊन दारात येतं. लंकेत आपलं कोण हाय? तू पुस्तकावर थाप मारलीस. "हे हाय की. ज्याचं कोणी न्हाई तिथं, त्याच्यासाठीच तर हे लिहिलं. कुठं उतरायचं, कुठं निजायचं, कुठं पायातलं काढायचं, हे पाहुण्याला घरचं माणूस सांगतं. इथं पुस्तक सांगतं."

मी म्हणलं, मला पुस्तकाचा भरवसा न्हाई, मला तोंडाचा भरवसा हाय. माणूस दिसला की विचारावं. तू म्हणालीस, तिथलं माणूस सिंहली बोलंल, तुमी हट्ट्याची मराठी बोलाल, मंग दोघं मिळून रडा. अशी बोलायचीस तू मोठ्या जावेला.

माझ्या लेकानं, संतोषनं, मधी तोंड घातलं. चुलती एवढं जाड पुस्तक घेऊन बसती म्हणून त्याला हसू यायचं. म्हणायचा, काकू, सगळं फोनमधी हाय, विचारलं की सांगतो. तू मान बी वर न करता त्याला म्हणालीस, "फोन विचारलं तेवढंच सांगतो रे बाबा. काय विचारायचं तेच ज्याला माहीत न्हाई, त्यानं काय करावं?" आन् मंग ते वाचून दाखवलंस, की तिथं बुद्धाच्या मूर्तीकडं पाठ करून फोटो काढायचा न्हाई, लोकांना ते लागतं. हे फोनला विचारायचं संतोषच्या तरी डोक्यात आलं असतं का? पहिल्यांदा जाणाऱ्याची खरी तकलीफ तीच. आपल्याला काय माहीत न्हाई, तेच माहीत नसतं. एवढं मी तवाच कबूल केलं होतं, मनातल्या मनात. तुला सांगितलं न्हाई, तू डोक्यावर बसली असतीस. आता सांगते.

दागिन्याचं बी वाचलंस. प्रवासात सोनं अंगावर घालू नका. मी म्हणलं, म्हणजे लंकेत जायचं ते बी लंकेची पार्वती होऊन? हसून हसून तुला ठसका लागला. ताट उलटलं, हळकुंडं पार उंबऱ्यापर्यंत गेली.

तरी माझा भरवसा बसंना. तवा तू ती परीक्षा काढलीस, जी दुसऱ्या कोणाला सुचली नसती. त्याच पुस्तकवाल्याकडून, त्याच छापणाऱ्यांचं महाराष्ट्राचं पुस्तक आणलंस. म्हणालीस, आक्का, आपल्याला जे गाव पाठ हाय त्याचं ह्यांनी कसं लिहिलं ते तपासू. तिथं खोटं निघालं तर लंकेचं बी खोटं. मी म्हणलं, हे बराबर बोललीस. आन् त्यात औंढा होतं.

औंढ्याला आपण किती वेळा गेलो असू, मोजदाद न्हाई. पण त्या दिवशी तुझी अट होती, आपण औंढ्याला पहिल्यांदा येऊन राहिलो. आपल्याला रस्ता माहीत न्हाई, कोणी ओळखीचं न्हाई, पुस्तक सांगंल तसं चालायचं. एसटीतून उतरलो आन् तू भर स्टँडवर पुस्तक उघडून उभी राहिलीस. माणसं बघून राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात ती फुलवाली, जिच्याकडून आपण दर शिवरात्रीला बेल घेतो, ती लांबूनच हाक मारती, "काय वो मावशी, आज काहून वाट चुकल्यावानी करून राहिल्या?" तू मला कोपरानं ढोसलंस, ओळख द्यायची न्हाई म्हणून. ती बिचारी फुलं तशीच हातात धरून पाहत राह्यली. तिला वाटलं आपण कशावरून तरी रुसलो.

पुस्तकात लिहिलं होतं, आत शिरायच्या आदी देवळाच्या बाहेरच्या भिंतीला एक फेरा मारा आन् नजर भिंतीवर ठेवा. आपण जलमभर रांगेत उभं राहून पुढच्याची पाठ पाह्यली, पायऱ्या उतरून खाली गेलो, पिंडीला हात लावला, वर आलो, प्रसाद घेतला, गाडी धरली. त्या दिवशी फेरा मारला, कौसे, आन् ते हत्ती दिसले. भिंतीच्या खालच्या अंगाला ओळीनं हत्ती, त्यांच्यावर बाया, नाचणारे, वाजवणारे. तू एका मूर्तीपुढं थांबलीस, दगडातली बाई, अर्धा हात तुटलेली. पदर डोक्यावरून घसरला तरी तुला कळलं न्हाई. मंग म्हणालीस, "आक्का, हे आपल्या दारात होतं वो."

माझा जोर जरा कमी झाला, हे तू ताडलंस.

तर मंग पुस्तक जिंकलं असतं. पण पुस्तकात पुढं जेवायची सोय म्हणून एक भोजनालय लिहिलेलं. तिथं गेलो तर मोबाइलचं दुकान. पोरगं म्हणालं, भोजनालय बंद होऊन लई दिवस झाले. भूक तर अशी लागलेली. मी तुझ्याकडं पाह्यलं, तू पुस्तकाकडं पाह्यलंस. मंग मीच गेले त्या फुलवालीकडं, आन् ओळख दिली. ती आदी रुसली, मंग हसली, आन् तिनं सांगितलेल्या घरी आपण बाजरीची भाकरी आन् पिठलं खाल्लं. परतीच्या गाडीत जवळा बाजार येईपर्यंत आपलं भांडण. तू म्हणायचीस, हत्ती पुस्तकानं दाखवले. मी म्हणायची, भाकरी माणसानं दिली. कंडक्टर म्हणाला, मावशी, जरा हळू.

ते भांडण मिटलं न्हाई ते न्हाईच. पण त्या दिवशी घरी येताना मी तुला म्हणलं, जाऊ लंकेला. एवढंच म्हणलं. तू खिडकीकडं तोंड करून बसलीस, ठरलं ते ठरलं म्हणून.

गावानं काय कमी चेष्टा केली का आपली? पारावरचे म्हणायचे, कौसल्येचा राम जाऊन आला की लंकेला, आता माय काहून निघाली? पासपोर्टच्या चौकशीला तो जमादार आला, चांगला माणूस, चहा घेतला, आन् त्यानं बी तेच विचारलं. तिथं कोण हाय तुमचं? तू पदर सावरून बसलीस आन् म्हणालीस, "कोणीच न्हाई साहेब. म्हणून तर जाऊन राहिलो. असतं तर त्यांनी झाडाजवळ जाऊ दिलं असतं का? चहापाण्यातच दिवस गेला असता." त्यानं लिहायचं थांबून तुझ्याकडं पाह्यलं. मंग म्हणाला, काकू, जाऊन या.

पासपोर्ट आले तवा तू जे केलंस त्याचा संतोषला अजून राग हाय. नवी वस्तू घरात आली की तिला हळद-कुंकू लावायचं, हे तुझ्या हाडात बसलेलं. दोन्ही पासपोर्टांच्या वर बोट टेकवलंस. संतोष ओरडला, काकू, सरकारी कागद हाय तो. ओल्या फडक्यानं पुसला त्यानं. कुंकू निघालं. पण आपली हळद कवा निघती का? माझ्या पासपोर्टाच्या कोपऱ्यावर तुझ्या बोटाचा पिवळा डाग अजून हाय.

आन् आता त्या पानाचं.

पुस्तकात एक पान होतं, एकट्यानं जाणाऱ्यांसाठी म्हणून. वाचता वाचता तू तिथं आलीस, वरची ओळ वाचलीस, आन् पान उलटलंस. मी विचारलं, काय ग, काहून सोडलंस? तर म्हणालीस, "हे आपल्याला लागत न्हाई. आपण दोघी हावोत."

दोघी हावोत म्हणालीस. आठवतं का तुला.

तुझं तेरावं झालं, पाहुणे गेले, घर मोकळं झालं. भावजी अंगणात बसून राहायचे. मी सगळ्यांचं करून राह्यले, पण जेवणं झाली की हात आपोआप हळकुंडाच्या ताटाकडं जायचा आन् कान तुझ्या आवाजाकडं. एक दिवस तुझा चष्मा बाजूला ठेवला आन् पुस्तक माझ्या मांडीवर घेतलं. तू दुमडलेलं पान उघडलं न्हाई मी. तू उलटलेलं पान काढलं. आन् बोट ठेवून, एकेक अक्षर जोडून वाचलं. तुला जे दोन मिनिटाचं काम होतं, त्याला मला चार दिवस लागले असतील.

काय लिहिलंय म्हणून सांगू? लिहिलंय, एकटं असाल तर उजेडी पोचेल अशी गाडी धरा. उतरायच्या जागेचं नाव तिथल्या अक्षरात कागदावर लिहून घ्या आन् तो कागद पिशवीत न्हाई, हातात ठेवा. पहिल्या दिवशी काही पाहायला धावू नका, बसा, पाणी प्या, गाव कसं चालतं ते पाहा. घरच्या एका माणसाला रोज कुठं हाय ते सांगत जा. आन् मंग शेवटी, कौसे, शेवटी लिहिलंय, की एवढं सगळं वाचून बी अडलात तर पुस्तक मिटा आन् जवळच्या बाईमाणसाला विचारा. खुणेनं विचारा. बाई बाईचं समजून घेती.

म्हणजे बघ. पुस्तकच म्हणतं माणसाला विचारा. आन् हे मला सांगायला पुस्तकच लागलं. तू ते पान उलटलं नसतंस तर आपलं भांडण तिथंच मिटलं असतं, दोघी बी जिंकलो असतो. मी पान मांडीवर धरून हसले, आन् मंग जे झालं ते झालं, ते काय लिहायचं.

त्याच दिवशी मी ठरवलं. जायचं.

घरात सांगितलं तर एकेक सुरू झालं. संतोष म्हणाला, आई, तुझं वय पाहा. शेजारची म्हणाली, जाऊ जाऊन वर्ष न्हाई आन् ही फिरायला निघाली, लोक तोंडात शेण घालतील. भावजी सगळ्यात शेवटी बोलले. ते कवा माझ्यापुढं मान वर करून बोलले न्हाईत, तुला माहीत हाय. म्हणाले, "वैनी, वर्षसरी होऊ द्या. आन् तिथं तुमचं कोण हाय?"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हणलं, भावजी, पुस्तकात लिहिलंय की पावसानंतर त्या झाडाची साल नीट सुटती. यंदा घरात दिवाळी करायची न्हाई, म्हणजे दिवाळीनंतर मी मोकळीच. वर्षसरीपर्यंत थांबले तर मधी हळद काढणी येईल, शिजवणी येईल, मंग पुढं माझे गुडघे काय म्हणतील कोणाला ठाऊक. मी फिरायला जात न्हाई. तिला जे झाड पाहायचं होतं ते पाहून येते. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या, त्यांनी कौसाला बी रामाची माय म्हणून हिणवलंच की.

मंग मी ते पान उघडलं आन् त्यांना वाचून दाखवलं. मी, कौसे, तुझ्या नवऱ्यापुढं पुस्तक वाचलं. अडखळले, दोन शब्द चुकले, ते ऐकत राह्यले. घरच्या एका माणसाला रोज सांगत जा, तिथं आले आन् थांबले. म्हणलं, "भावजी, तो एक माणूस तुमी व्हा. तुमी हो म्हणलात तर मी जाते. संतोष काय, कामाच्या नादात फोन उचलायचा न्हाई."

त्यांनी अंगणाकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं, आता न्हाई म्हणतात. मंग विचारलं त्यांनी, "फोन कवा लावान तुमी? संध्याकाळी माझी धार काढायची असती म्हशीची."

मी म्हणलं, धार झाल्यावर लावीन.

"मंग लावा," म्हणाले, आन् उठून गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तर पुस्तकातला नकाशा उघडून बसलेले, हैदराबादेहून विमान निघून कुठं टेकतं ते बोटानं शोधत. तू गेल्यापास्नं पहिल्यांदा मी त्यांना कशात तरी डोकं घातलेलं पाह्यलं. ते मी पुस्तकाच्या खात्यावर लिहिलंय, तुझ्याच खात्यावर म्हण.

तिकीट काढलंय संतोषनं, तोंड वाकडं करत का होईना. आता मी तयारी करून राह्यले. सोनं काढून ठेवलं, लंकेची पार्वती झाले. उतरायच्या घराचं नाव त्यांच्या गोल गोल अक्षरात लिहून मागवलं, त्याच्यावर रोज बोट फिरवते, म्हणजे पाटी दिसली की डोळ्याला ओळखू यावी. पाकिटं वाचून मराठी शिकले, हे बी जमंल थोडं. येसर नेऊ का नको, ह्याच्यावर तू म्हणायचीस नको, पुस्तक म्हणतं खायच्या वस्तूची आदी चौकशी करा. मी चौकशी लावलीय. चालत असंल तर एक पुडी नेणार. मोकळ्या हातानं कोणाच्या दारात मी जात न्हाई, मग ते दार लंकेचं का असंना. आन् तू पदराला बांधलेली ती सुरळी, ती मात्र घेऊनच चालले. लंकेच्या विमानतळावरचे न्हाई म्हणाले तर तिथं त्यांच्यापुढं वास घेईन आन् त्यांच्या हातात देईन. त्यांचीच हाय.

भीती वाटती का म्हणून विचारशील. वाटती. विमानाची न्हाई वाटत, ते काय, बसलं की गेलं. उतरल्यावर सवयीनं वळून तुला हाक मारीन, त्याची वाटती. पण जाणार. एकदा शब्द दिला की मी फिरवत न्हाई, हे तुला त्या दिवशी एसटीत माहीत होतं, म्हणून तर खिडकीकडं तोंड करून बसलीस.

पुस्तकात लिहिलंय, साल काढणारे जमिनीवर फतकल मारून बसतात. आदी वरची खरबरीत साल खरवडतात, मंग पितळी दांड्यानं घासतात, मंग आतली पातळ साल अल्लाद सुटती. मी त्यांच्या शेजारी बसणार हाय, तशीच फतकल मारून, आपण हळद निवडायला बसतो तशी. बाया असतील. मला त्यांचं कळणार न्हाई, त्यांना माझं कळणार न्हाई, तरी त्या विचारतीलच. बायाच त्या. हाताच्या खुणेनं विचारतील, एकटीच आलीस का, इथं तुझं कोण हाय?

तर ऐक कौसे. मी त्यांना सांगणार हाय, माझी धाकटी जाऊ येऊन राहिली मागून. तिलाच हे झाड पाहायचंय. मी फक्त पुढं येऊन जागा धरली.

मला खोटं पाडू नको. तुला ना तिकीट लागतं आता, ना पासपोर्ट, ना तो जमादार. मी तुझ्यासाठी शेजारी सरकून जागा ठेवीन. लवकर ये.